विशारद झाली, पुढे काय?

आपल्याकडे गाण्याचा क्लास नाही असं तालुक्याचं गाव सापडणं कठीण. संध्याकाळी कुठल्या तरी माडीवरून पेटीचा सा ऐकू येतो, मुली वह्या सांभाळत जिने चढत असतात. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा असं करत करत त्यातल्या काही जणी विशारदपर्यंत पोचतात. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांची ही शिडी चढायला सात-आठ वर्षं सहज जातात. मग पेढे वाटले जातात, प्रमाणपत्राला फ्रेम होते. आणि पुढे? पुढे स्थळांना पाठवायच्या बायोडेटात एक ओळ वाढते. लग्नानंतर पेटी माळ्यावर जाते आणि तिच्यावर जुन्या गोधड्यांचं गाठोडं येऊन बसतं.

मैत्रिणींनो, याचा दोष आपण नेहमी संसाराला देतो. तो आहेच, नाही असं नाही. पण त्याच्याही आधी एक पायरी गळालेली असते. परीक्षेत दहा मिनिटं झाली की परीक्षक म्हणतात, 'पुरे, आता दुसरा राग.' मैफलीत तोच राग पाऊण तास मांडायचा असतो, आदल्या दिवशीपर्यंत कधी न भेटलेल्या तबलजीबरोबर. समोरचा माणूस जांभई देत असला तरी सूर हलू द्यायचा नसतो. हे कुठल्याही पुस्तकात नाही, कुठल्याही क्लासात नाही. ते फक्त चार माणसांसमोर बसूनच येतं. आणि ती चार माणसंच गावात मिळत नाहीत!

पूर्वी ती मिळत. कोल्हापूरचा देवल क्लब १८८३ पासूनचा, पुण्याचा भारत गायन समाज १९११ चा. आमच्या सांगली जिल्ह्यात मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात उरुसाला आजही गाणं होतं, खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या आठवणीत. त्यांची लेक हिराबाई बडोदेकर १९०५ साली मिरजेतच जन्मल्या. कुलीन बायकांनी चारचौघांत गाऊ नये, असं म्हणणाऱ्या त्या काळात हिराबाई रंगमंचावर बसून तिकीट लावलेल्या मैफली गायल्या. आज आपल्या मुली निर्धास्त गातात, त्यामागे ती हिंमत आहे. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३ साली सुरू झाला. नव्या गायक-वादकांना तिथे मुद्दाम जागा दिली जाते. पण माझं म्हणणं असं, की त्या व्यासपीठापर्यंत पोचण्याआधीच्या लहान लहान बैठका कुणी घ्यायच्या? त्या आपणच घ्यायला हव्यात.

आमच्या महिला मंडळात हा विषय निघाला तेव्हा पहिला प्रश्न आला वेळेचा. गाणं म्हणजे रात्री नऊनंतर, हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं. पण रात्री नऊला ओटा आवरायचा, सकाळच्या डब्याची भाजी निवडायची. म्हणून ठरवलं, महिन्यातून एक रविवार, दुपारी चार ते सहा. सहाला बैठक संपली की घरी जाऊन कुकर लावता येतो.

या वेळेचा एक फायदा आमच्या ध्यानीमनीही नव्हता. रात्रीच्या मैफलीत यमन, बागेश्री, मालकंस ऐकायला मिळतात. भीमपलास, पटदीप, मुलतानी हे दिवस कलतानाचे राग. ते मुली क्लासात शिकतात, पण वेळेच्या शिस्तीमुळे रात्री गाता येत नाहीत. आमच्या स्वयंपाकघराच्या घड्याळाने या रागांना हक्काची जागा दिली.

दुसरा प्रश्न तानपुऱ्याचा. हल्ली मोबाइलमध्ये तानपुरा असतो, आणि रियाजाला तो सोयीचाच आहे. पण गाणारीच्या पाठीशी खरा तानपुरा झंकारत असला की तिचाही ताठा बदलतो आणि ऐकणाऱ्यांचाही. एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी एक तानपुरा वर्षानुवर्षं कोपऱ्यात उभा होता. तो मिरजेला नेला, तारा बदलल्या, जवारी काढून घेतली. जवारी म्हणजे ज्या घोडीवरून तारा जातात तिचा माथा अगदी नेमका घासणं. तो जमला की तार नुसती वाजत नाही, गुंजत राहते. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते उगाच नाही. हाताच्या कसबाचीच ती पावती.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड, पैशांचा. तबलजीला, पेटीवाल्यांना पाकीट द्यायचं यावर एकमत होतं. गाणारीला? 'अहो, ती आपलीच मुलगी, तिला संधी देतोय की!' हे वाक्य आमच्यातल्याच एकीचं. त्यावर आमच्या मंडळातल्या शिवणकाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, 'ब्लाउज शिवून घेता तेव्हा मला संधी देता का?' हशा पिकला आणि ठरावही झाला. पाकीट लहान असेल, पण गाणारीचं आणि साथीदारांचं सारखंच असेल. एसटीचं भाडं वेगळं. वर्गणी प्रत्येकीने दरमहा द्यायची. शाल, नारळ, हार यांचा खर्च बंद, प्रमुख पाहुणे बंद, भाषणंही बंद.

आमच्याच गावात लग्न होऊन आलेली एक मुलगी विशारद आहे, हे आम्हाला फार उशिरा कळलं. गाशील का विचारलं तर म्हणाली, 'तीन महिने द्या, गळा बसलाय.' घरी दुपारी सासरे झोपतात, म्हणून शिवणवर्गाची खोली तिला दोन ते साडेतीन मोकळी करून दिली. बैठकीच्या दिवशी तिने भीमपलास घेतला. सुरुवातीला आवाज कापत होता. विलंबित ख्यालात एकदा समेवर यायचं चुकलं, तबलजींनी सांभाळून घेतलं. मग हळूहळू ती सावरली, आणि मध्यमावर जी थांबली, ती जागा अजून माझ्या कानात आहे. तिच्या सासूबाई मागच्या रांगेत बसल्या होत्या. निघताना मला एवढंच म्हणाल्या, 'पेटी खाली काढायला हवी.'

लगेच सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. कधी पंधरा माणसं येतात, कधी पावसात आठच. पण बाहेरगावची उमेदीची मुलं-मुली आता आपणहून निरोप पाठवतात, 'आम्हाला एक रविवार द्या.' शहरात सभागृहाचं भाडं त्यांना परवडत नाही. इथे देवळाचा सभामंडप आहे, दोन सतरंज्या आहेत, आणि मन लावून ऐकणाऱ्या बायका आहेत.

तुम्हीही हे करू शकता. राग ओळखता आला पाहिजे असं मुळीच नाही. दोन पथ्यं पाळा. गाणं चालू असताना मोबाइल बंद आणि चहा बैठक संपल्यावर. पहिली वीस मिनिटं गावातल्या शिकणाऱ्या मुलीला द्या, नंतर मुख्य कलाकार. भिशीला आपण दर महिन्याला जमतोच ना? येत्या भिशीला फक्त एवढं विचारून बघा, 'आपल्यात कोणाकोणाची पेटी माळ्यावर आहे?' किती हात वर होतात ते पाहून तुम्हीच चकित व्हाल.