मुख्य आसनाशेजारचा माणूस

एकत्र कुटुंबांत वडील बंधु परगांवीं गेले म्हणजे धाकट्याची खरी परीक्षा होते. एरवीं त्याचें काम कोणाच्या डोळ्यांत भरत नाहीं. परंतु त्या चार दिवसांत घर सुरळीत चाललें, तर तें त्यानें पूर्वीं न बोलतां शिकून ठेवलेल्या गोष्टींमुळेंच चालतें. ह्या नित्याच्या अनुभवाचें एक उदाहरण आम्हांस अगदीं अनपेक्षित ठिकाणीं, म्हणजे फुटबॉलच्या मैदानावर, आढळलें.

ता. ४ जुलै २०२३ रोजीं सायंकाळीं माधवनगरांतील आमच्या घरीं नातवंडें दूरदर्शनसंचापुढें बसलीं होतीं. बंगळूर येथें दक्षिण आशियाई स्पर्धेचा भारत-कुवेत अंतिम सामना चालला होता. भारताचे मुख्य प्रशिक्षक, क्रोएशियाचे इगोर स्टिमाच, यांस त्या स्पर्धेंत पंचांनीं दोनदां मैदानाबाहेर काढलें होतें. म्हणून बंदीच्या काळांत त्यांच्या जागीं साहाय्यक प्रशिक्षक महेश गवळी उभे होते.

गवळी गोमंतकांतले, जन्म १९८० चा. जमशेदपूरच्या टाटा फुटबॉल अकादमींत ते तयार झाले. त्यांचें स्थान बचावफळींत. गोल करणाराचा जयघोष होतो. गोल होऊं न देणाराचें नांव बहुधा चूक झाली तरच निघतें. २००३ सालीं ईस्ट बंगाल संघानें जकार्ता येथें आशियान चषक जिंकला, तेव्हां ते त्या संघांत होते. पुढें गोव्याच्या डेम्पो संघाकडून ते खेळले, आणि २०११ च्या आशियाई चषकासाठीं भारतीय संघांत त्यांची निवड झाली. खेळणें संपल्यावर त्यांनीं शिकविण्याचा मार्ग धरला.

साहाय्यकाचें काम म्हणजे सरावाची मांडणी करणें, प्रतिपक्षाच्या चाली न्याहाळणें, एखाद्या खेळाडूस बाजूला घेऊन त्याची चूक सांगणें. निर्णय दुसऱ्याचा, तयारी ह्याची! परंतु त्या स्पर्धेंत गवळींच्या देखरेखीखालीं भारतानें नेपाळला २-० असें हरविलें, उपांत्य सामन्यांत लेबनॉनला पेनल्टींवर मागें टाकलें, आणि अंतिम सामन्यांत कुवेतनें प्रथम गोल केला असतांहि बरोबरी साधली. पेनल्टींत ५-४ असा निकाल लागला. गोलरक्षक गुरप्रीतसिंग संधू यानें शेवटचा फटका अडविला.

आम्ही स्वतः आयुष्यभर साहाय्यक शिक्षकच राहिलों. एका शाळेंत मुख्याध्यापकांच्या आजारपणांत आम्हीं चार महिने कारभार पाहिला. पुढें ती जागा दुसऱ्यास मिळाली. ह्याचें शल्य बरींच वर्षें मनांत होतें. त्या चार महिन्यांत शाळेचा एकहि तास रिकामा गेला नव्हता, हें मात्र आम्ही विसरूनच गेलों होतों!

सामना संपल्यावर धाकट्या नातवानें विचारलें, “आजोबा, आतां नांव कोणाचें होणार? मोठ्या सरांचें कीं ह्यांचें?”

आम्हीं म्हटलें, “संघाचें.”

हें उत्तर आम्हांस फार पूर्वींच सुचलें असतें, तर बरें झालें असतें.