मोफत वाय-फाय : ओळख एकतर्फीच (लेखांक ६)

रेल्वेस्थानकांवरील मोफत वाय-फायची सुरुवात जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलपासून झाली. रेलटेल ही रेल्वेची कंपनी आणि गुगल यांची ही संयुक्त योजना पुढे रेलटेलने 'रेलवायर' या नावाने एकटीने चालू ठेवली आणि ती देशातील सहा हजारांहून अधिक स्थानकांवर पोहोचली, त्यामुळे सिकंदराबाद–मनमाड मार्गावर परतूरला गाडीची वाट पाहणाऱ्या प्रवाशालाही मोबाइल क्रमांक टाकून ओटीपी मागवण्याची रीत आता अंगवळणी पडली आहे.

हा ओटीपी का मागितला जातो, याचे उत्तर नवी मुंबईतील सानपाड्यात सापडते. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत झालेल्या बॉम्बस्फोटांची जबाबदारी घेणारा ई-मेल सानपाड्यातील एका सदनिकेतील वाय-फायवरून गेल्याचे तपासात उघड झाले, तेव्हा तेथे राहणाऱ्या परदेशी नागरिकाकडे संशयाची सुई वळली. प्रत्यक्षात त्याची जोडणी असुरक्षित होती आणि बाहेरच्या कोणीतरी ती वापरली होती. त्यानंतरचे असे दोन ई-मेल माटुंगा आणि चेंबूर येथील परक्या जोडण्यांवरूनच गेले. फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने सार्वजनिक वाय-फाय वापरणाऱ्याची ओळख छायाचित्र असलेल्या ओळखपत्रावरून किंवा मोबाइलवरील संदेशाद्वारे पटवून घेण्याचे निर्देश दिले.

या व्यवस्थेत वापरणारा कोण, हे जाळ्याला कळते. जाळे कोणाचे, हे मात्र वापरणाऱ्याला कळत नाही, आणि सार्वजनिक वाय-फायमधील आजचा खरा धोका येथेच आहे. मोबाइलच्या यादीत दिसणारे नाव, ज्याला तंत्रभाषेत एसएसआयडी म्हणतात, ही केवळ दारावरची पाटी असून ती लावणाऱ्याची शहानिशा कोणीही करत नाही. फलाटावरच्या बाकावर बसलेला कोणीही आपल्या मोबाइलच्या हॉटस्पॉटला स्थानकाच्या सेवेचे नाव देऊ शकतो, आणि त्या नावाच्या खुल्या जाळ्याला पूर्वी जोडलेला फोन पुष्कळदा मालकाला न विचारताच या तोतया जाळ्यात शिरतो.

शेजारी बसलेला माणूस आपला सगळा मजकूर वाचतो, ही भीती मात्र बरीचशी जुनी झाली आहे. २०१० मध्ये 'फायरशीप' नावाच्या छोट्या साधनाने खुल्या वाय-फायवर इतरांची फेसबुक खाती सहज उघडून दाखवली होती. त्यानंतर संकेतस्थळांनी एचटीटीपीएस, म्हणजे मजकूर कूटबद्ध करून पाठवण्याची पद्धत, मोठ्या प्रमाणावर स्वीकारली, त्यामुळे आज जाळे चालवणाऱ्याला वापरकर्ता कोणत्या संकेतस्थळावर गेला हे बहुधा कळते, पण तेथे त्याने काय लिहिले हे सहसा कळत नाही. म्हणूनच भामट्याला कूट फोडण्यापेक्षा माणसाकडूनच माहिती काढून घेणे सोपे जाते, आणि त्यासाठी जोडणी होताच उघडणारे प्रवेशपृष्ठ त्याला आयतेच मिळते. त्या पृष्ठावर यूपीआयचा पिन, बँकेचा तपशील किंवा आधार क्रमांक मागितला, एखादे ॲप उतरवून घ्यायला सांगितले, किंवा ओटीपीच्या संदेशात वाय-फायऐवजी बँकेचे वा व्हॉट्सॲपचे नाव आले, तर जोडणी तेथेच तोडावी. ब्राउझरने प्रमाणपत्राबद्दल इशारा दिला असता 'पुढे जा' दाबणे म्हणजे एचटीटीपीएसचे संरक्षण आपल्या हाताने काढून टाकणे होय. पैशाचा व्यवहार असेल तर मोबाइलचा स्वतःचा डेटा वापरावा. आजच्या दरात ही चैन राहिलेली नाही.

सानपाड्याचा धडा वाय-फाय देणाऱ्यासाठीही तितकाच लागू आहे. प्रवेशअर्ज भरून देणाऱ्या केंद्रात किंवा खानावळीत भिंतीवर चिकटवलेला पासवर्ड वर्षानुवर्षे तोच राहतो आणि ज्या जोडणीवर दुकानाचा हिशेब चालतो तीच गिऱ्हाइकालाही मिळते. बहुतेक राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळे जाळे काढण्याची सोय असते. ती सुरू करून हिशेबाचा संगणक त्यापासून अलग ठेवावा आणि राउटरसोबत आलेला मूळ प्रशासकीय पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. ज्यांना गिऱ्हाइकांना रीतसर इंटरनेट पुरवायचे आहे, त्यांच्यासाठी डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेली पीएम-वाणी योजना आहे. तीत किराणा दुकानदारालाही परवान्याशिवाय वाय-फाय केंद्र चालवता येते आणि ग्राहकाची ओळख पटवण्याचे काम दुकानदाराच्या गळ्यात न पडता योजनेतील ॲपमार्फत होते.