नकारात्मक लुकअहेड

नकारात्मक लुकअहेड ही रेग्युलर एक्सप्रेशनमधील एक रचना आहे. मजकुरातील विशिष्ट स्थानाच्या पुढे अमुक एक आकृतिबंध नसेल तरच जुळणी मान्य करावी, अशी अट तिच्याद्वारे घालता येते. काही स्ट्रिंग निवडताना त्यांच्यासारख्याच इतर स्ट्रिंग वगळण्यासाठी तिचा प्रामुख्याने उपयोग होतो.

पार्श्वभूमी

रेग्युलर एक्सप्रेशनची संकल्पना अमेरिकन गणितज्ञ स्टीफन क्लेनी यांनी १९५० च्या दशकात मांडली. केन थॉम्पसन यांनी १९६८ मध्ये तिच्यावर आधारित शोधपद्धती प्रसिद्ध केली. नकारात्मक लुकअहेडचा प्रसार मुख्यतः १९९४ मध्ये आलेल्या पर्ल ५ या भाषेमुळे झाला. पुढे जावास्क्रिप्ट, पायथन, जावा इत्यादी भाषांनी ही रचना स्वीकारली.

स्वरूप

ही रचना (?!…) अशी लिहितात. ती केवळ पुढे डोकावून पाहते. कोणतेही चिन्ह जुळणीत समाविष्ट करत नाही. महाड, महाबळेश्वर, महाराष्ट्र आणि महाराष्ट्रीय या चार शब्दांवर पुढील आकृतिबंध वापरल्यास वेगवेगळे निकाल मिळतात:

* ^महा(?!राष्ट्र).*$ – महाड व महाबळेश्वर हे दोनच शब्द जुळतात.
* ^(?!महाराष्ट्र$)महा.*$ – केवळ 'महाराष्ट्र' हा नेमका शब्द वगळला जातो, 'महाराष्ट्रीय' जुळतो.
* ^(?!.*राष्ट्र).*$ – 'राष्ट्र' हा अंश कोठेही असलेली ओळ वगळली जाते.

सामान्य चुका

चौकटी कंसातील [^महा] या रचनेचा अर्थ "'महा' हा अंश नको" असा होत नाही. म, ह आणि काना या तिन्हींव्यतिरिक्त कोणतेही एक चिन्ह, एवढाच तिचा अर्थ असतो. त्यामुळे ^[^महा].*$ या आकृतिबंधातून 'मगर' व 'हत्ती' हे शब्दही विनाकारण गळतात.

दुसरी चूक अटीच्या स्थानाची असते. ^.*(?!राष्ट्र).*$ हा आकृतिबंध काहीही वगळत नाही. पहिला .* ओळीच्या शेवटापर्यंत पोहोचतो आणि तेथे पुढे काहीच नसल्याने अट आपोआप पूर्ण होते. अशा वेळी कोणताही त्रुटिसंदेश येत नाही. म्हणून मोठ्या मजकुरात बदल करण्यापूर्वी, जुळायला हवेत आणि जुळू नयेत अशा दोन्ही प्रकारच्या नमुन्यांवर आकृतिबंध तपासणे आवश्यक ठरते.

देवनागरी मजकूर

युनिकोडमध्ये काना, वेलांटी इत्यादी स्वरचिन्हे व्यंजनानंतर स्वतंत्रपणे साठवली जातात. परिणामी केवळ 'क' शोधल्यास 'का' आणि 'कि' यांतील 'क'देखील सापडतो. क(?!ा) असे लिहिल्यास काना असलेला 'क' वगळला जातो, मात्र 'कि' जुळतच राहतो. सर्व स्वरचिन्हे टाळायची असल्यास ती सर्व अटीत नमूद करावी लागतात.

मर्यादा व पर्याय

एखाद्या नियमित भाषेत नसलेल्या सर्व स्ट्रिंग मिळूनही नियमित भाषाच तयार होते. त्यामुळे वगळण्याची अट तत्त्वतः मूळ चिन्हांनीही व्यक्त करता येते. मात्र तशी मांडणी बहुधा फार लांब व दुर्बोध होते. गूगलची आरई२ ही लायब्ररी आणि गो भाषेतील मूळ पॅकेज यांत लुकअहेड उपलब्ध नाही, कारण शोधाचा वेळ मजकुराच्या लांबीच्या प्रमाणातच राहील याची हमी त्यांत दिलेली असते. अशा ठिकाणी दोन टप्प्यांत काम केले जाते: प्रथम हव्या त्या ओळी निवडणे आणि नंतर त्यांतून नको त्या काढणे. युनिक्समधील ग्रेप या आज्ञेत उलट जुळणीचा पर्याय याचसाठी वापरतात.