एक पत्र, प्रत्येकाच्या नावे

एकच मजकूर शेकडो जणांना पाठवावा आणि तरीही तो प्रत्येकाला खास आपल्यासाठी लिहिलेला वाटावा, ही गरज संगणकाहून जुनी आहे. छापील निमंत्रणपत्रिकेत मोकळी सोडलेली ओळ आणि तीत शाईने घातलेले नाव आपण सर्वांनीच पाहिले आहे. ई-मेलमधील 'मेल मर्ज' हे त्या मोकळ्या ओळीचेच संगणकीय रूप होय.

ती ओळ नसली की काय होते, याचा दाखला इतिहासात आहे. मे १९७८ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकन संगणक कंपनीच्या गॅरी थुअर्क यांनी अर्पानेटवरील सुमारे ४०० जणांना नव्या संगणकांच्या प्रात्यक्षिकाचे एकच निमंत्रण धाडले. पत्त्यांची जागा भरून गेली व उरलेले पत्ते मजकुरात उतरले. वाचणाऱ्यांपुढे निमंत्रणाआधी पत्त्यांचीच रांग उभी राहिली. तक्रारी झाल्या आणि आज हे पत्र पहिले 'स्पॅम' म्हणून ओळखले जाते.

सर्वांचे पत्ते 'टू' किंवा 'सीसी' मध्ये घातल्यास आजही तेच घडते. शिष्यवृत्तीचा अर्ज अपुरा असलेल्या मुलांच्या पालकांना असे पत्र गेले, तर कोणाकोणाचा जातीचा वा उत्पन्नाचा दाखला अडकला आहे, हे सर्वांना कळते. ज्यांना जात, उत्पन्न, आजार हे सारे कागदावर लिहून द्यावे लागते, त्यांच्या माहितीची राखण करणे हे लिहून घेणाऱ्याचे काम आहे. 'बीसीसी' ने पत्ते झाकले जातात. पण संबोधन 'सर्व पालकांस' असेच राहते आणि कोणता कागद कमी आहे, हे प्रत्येकाला वेगळे सांगता येत नाही. मेल मर्जमध्ये मात्र प्रत्येकास स्वतंत्र पत्र जाते.

कृती अवघड नाही. एक्सेलच्या पहिल्या ओळीत नाव, ई-मेल, अपुरा कागद असे मथळे द्यावेत; त्याखाली दर माणशी एक ओळ. वर्डमध्ये पत्र लिहून 'मेलिंग्ज' मधून ती यादी जोडावी आणि 'इन्सर्ट मर्ज फील्ड' ने योग्य जागी मथळे बसवावेत. 'प्रिव्ह्यू रिझल्ट्स' मध्ये पत्रे पाहून मग 'फिनिश अँड मर्ज' करावे. पत्रे संगणकावरील आउटलुकमधून निघतात. या मार्गाने सोबत फाइल जोडता येत नाही. तारखा यादीत मजकूर म्हणूनच लिहाव्यात, नाहीतर महिना आधी आणि दिवस नंतर असा अमेरिकन क्रम पत्रात उमटू शकतो.

खरी परीक्षा मराठीची आहे. ही सोय इंग्रजीच्या घडणीवर बेतलेली. तिथे नाव कुठेही ठेवले तरी बदलत नाही. मराठीत विभक्ती लागताच शब्दाचे रूप पालटते. 'हून' हा प्रत्यय पत्रात कायम ठेवून गावाचे नाव यादीतून घेतले, तर 'नागपूरहून' बरोबर येते. पण 'पुणेहून', 'साताराहून' अशी ओबडधोबड रूपेही निघतात. म्हणून नाव किंवा गाव प्रत्ययाविना राहील अशीच वाक्ये रचावीत, किंवा 'पुण्याहून', 'साताऱ्याहून' असा पूर्ण शब्दच वेगळ्या रकान्यात लिहावा. क्रियापदाचेही तसेच. 'आपण आला होतात' हे भगिनींना चालणार नाही. 'आपली उपस्थिती होती' हे सर्वांना चालते. संबोधनासाठी 'आयु.' आणि 'आयुनि.' असा स्वतंत्र रकाना ठेवावा. तो हातानेच भरावा, कारण नुसत्या नावावरून स्त्री की पुरुष हे नेहमी कळत नाही. किरण, सुमन, शशी ही नावे दोन्हींकडे आहेत. नाव कसे लिहायचे हे ज्याचे त्यालाच विचारावे. आडनाव न लावणारे आहेत, आईचे नाव लावणारेही आहेत, आणि चुकीच्या नावाने आलेले आपुलकीचे पत्र हे सरळ परिपत्रकापेक्षा अधिक खुपते.

पाठवण्यापूर्वी दोन-तीन सहकाऱ्यांचीच छोटी यादी करून पत्र तपासावे. त्यातले एक नाव लांबलचक असावे आणि एक रकाना मुद्दाम रिकामा ठेवावा, म्हणजे 'प्रिय' पुढे नुसता स्वल्पविराम कसा दिसतो ते कळेल. जीमेलच्या साध्या खात्यावरून दिवसाला ५०० जणांपर्यंतच पत्रे जातात, तेव्हा मोठी यादी दोन-तीन दिवसांत विभागावी. उत्तरे ज्या पत्त्यावर येतील तो पत्ता रोज उघडणारा माणूस आधी नेमावा. पालक आपल्या नावाने आलेल्या पत्राला उत्तर देतात.