सोहाल मासा विकण्याआधी टाकी मोजा

तांबड्या समुद्रातला सोहाल टँग दुकानात चार इंचांचा येतो आणि त्याचे पट्टे पाहून गिऱ्हाईक भाळते. पूर्ण वाढ झाल्यावर तो सुमारे ४० सेंटिमीटर, म्हणजे सोळा इंच भरतो. दिवसभर शेवाळ चरत फिरतो, हद्द राखतो आणि शेपटीजवळच्या धारदार काट्याने शेजारी माशांना जखमी करतो. हे लपवून माल विकणे आम्हाला जायज वाटत नाही. सहा फुटांखालच्या टाकीसाठी तो देऊच नये. आमच्या मते आठ फूटही जास्त नाहीत.

टाकी बनवणाऱ्या कारागिरांनी वजनही सांगावे. ६ फूट लांब, २ फूट रुंद व २ फूट उंच टाकीत ६८० लिटर, म्हणजे जवळपास ७०० किलो खारे पाणी मावते. काच, वाळू, दगड निराळे. जागा कमी असेल तर पिवळा टँग सुचवावा. तो आठ इंचांपर्यंतच वाढतो, पण त्यालाही चार फूट हवेतच.