वाचा व श्रवण उपचारांतील नीतिधर्म

हातापायाची जखम भरून आली की नाही, हे रुग्णाला स्वतः पाहता येते. ऐकू न येणाऱ्या व्यक्तीची स्थिती वेगळी असते. श्रवणयंत्रातून काय ऐकू यावयास हवे होते, हे तिला ठाऊक नसते. ज्याची वाचा अडखळते, त्याला तक्रारही धडपणे मांडता येत नाही. म्हणूनच वाचा-उपचारतज्ज्ञ आणि श्रवणतज्ज्ञ यांच्या व्यवसायात कौशल्याइतकेच नीतिधर्माला महत्त्व आहे.

महाराष्ट्रात या विषयाच्या शिक्षणाची परंपरा जुनी आहे. मुंबईच्या टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालयात व नायर रुग्णालयात १९६६ पासून हे शिक्षण सुरू झाले. वांद्रे येथे १९८३ मध्ये केंद्र शासनाची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था स्थापन झाली.

नोंदणीचे बंधन

भारतीय पुनर्वास परिषद अधिनियम, १९९२ अन्वये या तज्ज्ञांची नोंद केंद्रीय पुनर्वास नोंदपुस्तकात असणे आवश्यक आहे. नोंदणीवाचून व्यवसाय करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कारावास, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. व्यावसायिक वर्तनाची मानके ठरविण्याचा अधिकारही परिषदेला आहे. नोंदणी क्रमांक विचारणे हा रुग्णाचा हक्क आहे. त्यात तज्ज्ञाचा अवमान नाही.

तपासणी आधी, यंत्र नंतर

व्यवसायातील सर्वांत मोठा मोह श्रवणयंत्राच्या विक्रीत आहे. यंत्र सुचविणाराच ते विकत असेल किंवा विक्रेत्याकडून दलाली घेत असेल, तर सल्ला रुग्णाच्या गरजेपेक्षा किमतीकडे झुकण्याची भीती असते. असा हितसंबंध असल्यास तो आधीच सांगणे आणि एकाहून अधिक पर्याय समोर ठेवणे, हा सचोटीचा मार्ग होय. कानात मळ साचला असेल किंवा कान वाहत असेल, तर प्रथम नाक-कान-घसा तज्ज्ञाकडे पाठविले पाहिजे. यंत्र कानाला लावून, बोलणे कितपत समजते ते पाहूनच निवड व्हावी.

खोटी आशा दाखविणे हाही दोषच आहे. तोतरेपणा अमुक दिवसांत हमखास जाईल, अशी हमी कोणताही प्रामाणिक तज्ज्ञ देत नाही. कर्णावर्त रोपणाची शस्त्रक्रिया झाली म्हणजे मूल लगेच बोलू लागते, असेही नाही. त्यानंतर दीर्घकाळ श्रवण व वाचेचे प्रशिक्षण द्यावे लागते. हे पालकांना शस्त्रक्रियेपूर्वीच स्पष्ट सांगितले पाहिजे. दुसरीकडे, “मूल मोठे झाले की बोलेल” असे सांगून तपासणी लांबविणेही तितकेच घातक आहे. जन्मानंतर पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचारांना प्रारंभ, हा सर्वमान्य दंडक आहे.

प्रमाणपत्राची शुचिता

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार दोन्ही कानांत ७० डेसिबल श्रवणऱ्हास असलेली व्यक्ती बधिर आणि ६० ते ७० डेसिबल ऱ्हास असलेली व्यक्ती ऐकण्यास कमी मानली जाते. या थोड्याशा अंतरावर सवलती अवलंबून असल्याने तज्ज्ञावर दडपण येते. ओळखीखातर आकडा वाढविल्यास खऱ्या गरजूच्या वाट्याचे दुसऱ्याकडे जाते. शंका असेल तेथे रुग्णाच्या उत्तरावर विसंबून नसलेली ‘बेरा’ चाचणी उपयोगी पडते. दिव्यांगांसाठीचा लाभ कपटाने घेणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्हींची तरतूद आहे.

भाषेचा मान

गोंडी, कोरकू किंवा भिली बोलणारे मूल शाळेतील प्रमाण मराठी बोलत नाही, म्हणून त्याला वाचादोष आहे असे ठरविणे अन्यायाचे आहे. परीक्षण त्याच्या घरच्या भाषेत व्हावे. गरज पडल्यास त्या भाषेचा जाणकार सोबत घ्यावा. कर्णबधिर मुलाच्या पालकांना खुणांच्या भाषेची माहिती न देणे, हेही त्यांचा निवडीचा अधिकार नाकारणेच होय. मुलाचे ध्वनिमुद्रण किंवा तपासणीचा अहवाल पालकांच्या संमतीवाचून इतरांना दाखविता कामा नये.

सर्वांचे सहकार्य

या नीतिधर्माचे रक्षण एकट्या तज्ज्ञाकडून होणार नाही. शिक्षकांनी वर्गातील मुलाचा दोष चारचौघांत न उच्चारता पालकांना विश्वासात घेऊन तपासणीचा सल्ला द्यावा. पंचायत सदस्यांनी गावात शिबिर भरविण्यापूर्वी तज्ज्ञांची नोंदणी पाहावी आणि यंत्र बिघडल्यास दुरुस्ती कोठे होईल, हे लिहून घ्यावे. अधिकाऱ्यांनी शिबिराचे यश वाटलेल्या यंत्रांच्या संख्येवरून न मोजता, सहा महिन्यांनी किती यंत्रे कानावर आहेत, यावरून मोजावे. पेटीत पडून राहिलेल्या यंत्राचा खर्च कागदावर दिसतो. त्याअभावी मुलाच्या कानी न पडलेल्या शब्दांची नोंद मात्र कोठेच होत नाही.