शुगर नॉर्मल आली, मग तहान कशाची?

आज ८ जून, जागतिक ब्रेन ट्यूमर दिन. मोबाइलमुळे मेंदूत गाठ होते का, हा दरवर्षीचा वाद आजही रंगेल, व्याख्यानं होतील. पुढच्या आठवड्यात शाळा उघडतील. या दोन्ही निमित्तांनी एका दुर्मीळ गाठीबद्दल लिहायचं आहे. मराठवाड्यात ती सहज नजरेआड होते, कारण तिचं पहिलं लक्षण पुष्कळदा डोकेदुखी नसतं, तहान असतं.

घनसावंगी तालुक्यातल्या तीर्थपुरीसारख्या गावात मे महिन्यात बारा-तेरा वर्षांचं पोर तांब्यावर तांब्या रिचवतं, याचं कुणाला नवल वाटणार? रात्री दोन-तीनदा उठतं, माठातलं गार पाणी पितं, लघवीला जातं, पुन्हा पाणी पितं. घरचे म्हणतात, दिवसभर उन्हात हुंदडतंय. मग पाऊस पडतो, हवा गार होते, तहान मात्र हटत नाही. कुणीतरी सुचवतं, शुगर तपासून घ्या. शुगर नॉर्मल येते. घरच्यांचा जीव भांड्यात पडतो आणि विषय तिथेच मिटतो. माझं म्हणणं एवढंच आहे की तो तिथे मिटता कामा नये.

मेंदूच्या तळाशी, पिट्युटरी ग्रंथीच्या देठाजवळून एक संप्रेरक रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडांना पाणी राखून ठेवायला सांगतं. त्या देठावर वाटाण्याहून लहान गाठ बसली तरी हा निरोप थांबतो. मूत्रपिंडं पाणी सोडत राहतात, लघवी दिवसभर नळाच्या पाण्यासारखी पांढरी होते. म्हणजे मूल पाणी पितं म्हणून लघवी जास्त होते असं नाही, पाणी निघून जातं म्हणून ते पितं. अशा मुलाचं पाणी ‘सवय मोडावी’ म्हणून तोडलं, तर ते काही तासांत कोरडं पडतं आणि जिवावर बेतू शकतं. पाणी बंद करून करायची तपासणी दवाखान्यात, डॉक्टरांच्या नजरेखालीच होते. घरी करायचं काम साधं आहे. चोवीस तासांची लघवी मापाच्या भांड्यात मोजायची. तीस किलोच्या मुलाची ती दोन लिटरच्या पुढे गेली आणि शुगर नॉर्मल असली, तर पुढचा प्रश्न पिट्युटरीचा.

या तहानेमागे असू शकणाऱ्या कारणांत एक आहे जननपेशींची गाठ, इंग्रजी नावाने जर्म सेल ट्यूमर. पुढे ज्या पेशींपासून बीजांड किंवा शुक्राणू बनायचे, त्या गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या आठवड्यांत एका टोकाला जन्मतात आणि प्रवास करत आपल्या जागी पोचतात. त्यातल्या काही वाट चुकतात आणि शरीराच्या मध्यरेषेवर कुठेतरी अडकून पडतात, असं डॅनिश विकृतिशास्त्रज्ञ गुन्नार टेलुम यांच्या काळापासून मानलं जातं. मेंदूतल्याच मूळ पेशी बिघडून ही गाठ होत असावी असं मानणाराही एक पक्ष आहे. दहा ते वीस या वयात, वयात येण्याच्या आगेमागे ती डोकं वर काढते. जपान आणि कोरियात ती पाश्चात्त्य देशांपेक्षा कितीतरी जास्त आढळते. त्याचं पक्कं कारण अजून कुणाला सापडलेलं नाही.

या गाठीचा एक नातलग आपल्याला चांगलाच माहीत आहे. २०११ चा विश्वचषक गाजवणाऱ्या युवराज सिंगच्या छातीत, दोन फुफ्फुसांच्या मध्ये निघालेली गाठ जननपेशींचीच होती. तिला सेमिनोमा म्हणतात. तीच गाठ मेंदूत झाली की तिचं नाव जर्मिनोमा. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही एकमेकींसारख्या दिसतात. युवराजवर अमेरिकेत इंडियानापोलिसच्या डॉ. लॉरेन्स आइनहॉर्न यांनी उपचार केले आणि २०१२ मध्येच तो पुन्हा भारतासाठी खेळला. आइनहॉर्न यांचं काम मला वैद्यकाच्या इतिहासातल्या सर्वांत सुंदर गोष्टींपैकी एक वाटतं. १९६५ साली बार्नेट रोझेनबर्ग नावाचा जीवभौतिकशास्त्रज्ञ विजेचा जिवाणूंवर काय परिणाम होतो ते बघत होता. जिवाणूंचं विभाजन थांबलं. ती किमया विजेची नव्हती, तिच्या तारांमधून झिरपलेल्या प्लॅटिनमची होती. त्यातून सिस्प्लॅटिन हे औषध आलं. १९७४ पासून आइनहॉर्न यांनी ते वृषणाच्या पसरलेल्या कर्करोगात इतर औषधांच्या जोडीने वापरलं. ज्या आजारात तरुण बहुधा दगावायचे, त्यातून ते बहुसंख्येने बरे व्हायला लागले. मेंदूतल्या जननपेशींच्या गाठींवर आज जी केमोथेरपी देतात, तिचा कणा हीच प्लॅटिनमची औषधं आहेत.

तहान लागते ती गाठ पिट्युटरीजवळची, मुलांना आणि मुलींना जवळपास सारखीच होणारी. दुसरी जागा मेंदूच्या मागच्या बाजूला, पिनिअल ग्रंथीची, आणि तिथे सापडतात बहुतांशी मुलगेच. ही गाठ मेंदूतल्या पाण्याची वाट अडवते. सकाळी उठल्याउठल्या डोकं ठणकतं, भडाभडा उलटी होते, मग बरं वाटतं आणि पोरगा शाळेत जातो. घरात निदान होतं, पित्त झालंय. अशा वेळी त्याच्यासमोर बसा, डोकं हलवू नको म्हणून सांगा आणि एक पेन हळूहळू वर न्या. डोळे मध्यावर येऊन अडकतात. पेन कपाळाच्या वर जातं, बुबुळं जात नाहीत. घरात तो छताच्या पंख्याकडे बघताना हनुवटी उचलतो, ते यामुळेच. दृष्टीची ही खूण पॅरिसच्या पॅरिनो नावाच्या नेत्रतज्ज्ञाने एकोणिसाव्या शतकातच नोंदवली. ती पाहायला कुठलंही यंत्र लागत नाही. सकाळच्या उलट्या आणि अडकलेले डोळे एकत्र दिसले, तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठायला हवं.

एरवी मेंदूतली गाठ म्हटलं की कवटी उघडून तुकडा काढणं आलंच. इथे एएफपी आणि एचसीजी ही दोन द्रव्यं रक्तात आणि पाठीच्या मणक्यातून काढलेल्या पाण्यात मोजतात. ती ठळकपणे वाढलेली असतील आणि एमआरआयचं चित्र जुळत असेल, तर बायोप्सीशिवायही उपचार सुरू करता येतात. ती वाढलेली नसतील तर बहुधा जर्मिनोमा, पण त्यासाठी दुर्बिणीतून छोटा तुकडा घ्यावा लागतो. जर्मिनोमा किरणांपुढे विरघळतो, दहातली नऊहून अधिक मुलं बरी होतात. दुसऱ्या, जास्त आक्रमक प्रकारात आकडा साधारण चारांत तीन असा आहे. मेंदूच्या कर्करोगात इतके चांगले आकडे क्वचितच ऐकायला मिळतात.

पूर्वी जर्मिनोमासाठी सगळा मेंदू आणि मणका शेकून काढत. आता पसरलेल्या आजारातच तसं करतात. नाहीतर आधी केमो देऊन मग मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्यांपुरते किरण. किरण नेमके दिल्याने काय वाचतं, याचा उत्तम पुरावा आपल्या परळच्या टाटा मेमोरियलमधून आला आहे. डॉ. राकेश जलाली आणि सहकाऱ्यांनी मेंदूच्या सौम्य आणि कमी वेगाने वाढणाऱ्या गाठी असलेल्या २०० मुला-तरुणांवर किरणोपचाराच्या दोन पद्धतींची तुलना केली आणि २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. नेमक्या पद्धतीत बुद्धीची क्षमता जास्त टिकली, संप्रेरकांचे नवे बिघाडही कमी झाले. तो अभ्यास जननपेशींच्या गाठींचा नव्हता, पण वाढत्या मेंदूला काय सोसतं हे त्याने दाखवलं. आता टाटाच्या खारघर केंद्रात प्रोटॉन किरणांची सोय झाली आहे. मे २०२३ मध्ये तिचं लोकार्पण झालं.

उपचार आहेत, यश आहे, मग अडतं कुठे? बॉस्टनच्या डॉक्टरांनी २०१३ साली तिथल्याच अशा मुलांचे कागद तपासले, तेव्हा निम्म्याहून अधिक जणांचं निदान लक्षणं दिसल्यानंतर सहा महिने किंवा त्याहून उशिरा झालेलं निघालं. हे बॉस्टनमध्ये! भर म्हणजे पहिला एमआरआय कधीकधी स्वच्छही येतो किंवा नुसता देठ जाड दिसतो. तो क्षयरोगानेही जाड होतो, आणि आपल्याकडे ती शंका आधी येणं साहजिकच आहे. म्हणून तीन ते सहा महिन्यांनी एमआरआय पुन्हा करायचा असतो. जालन्याला किंवा संभाजीनगरला एकदा पैसे मोजून ‘काही नाही’ हे उत्तर ऐकलेला बाप दुसऱ्यांदा जाईल का, हे त्याला पहिल्याच वेळी किती नीट समजावून सांगितलं यावर अवलंबून आहे.

मला सर्वांत जास्त आशा वाटते ती शाळेतल्या उंचीच्या नोंदीची. पिट्युटरीजवळच्या गाठीत वाढ खुंटते. सलग दोन जूनला चपलेचा नंबर तोच राहतो, गेल्या वर्षीचा गणवेश तसाच बसतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला झाला. पथक शाळेत येतं, उंची-वजन घेतं, तक्ता भरतं. वयात येण्याआधी मूल वर्षाला पाचेक सेंटिमीटर वाढतं. गेल्या वर्षीच्या आकड्याशेजारी यंदाचा आकडा ठेवला की थांबलेली वाढ कुणालाही दिसेल, त्यासाठी एमबीबीएस व्हावं लागत नाही. हे न करणं अक्षम्य आहे. ज्यांची दोन वर्षांची उंची एका तक्त्यात सापडतच नाही, त्या ऊसतोड कामगारांच्या मुलांचं काय, हा प्रश्न तीर्थपुरीसारख्या साखर कारखान्याच्या गावाला तरी टाळता येणार नाही. कोपीवर सहा महिने काढणाऱ्या पोराची नोंद त्याच्याबरोबर, कार्डावर फिरायला हवी.

मुंबई गाठल्यावर वाट तशी मळलेली आहे. महात्मा फुले योजना आहे, दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे, २००६ पासून सेंट ज्यूडची मुलांसाठीची घरं आहेत. खरी दमछाक परतल्यावर होते. गाठ गेली तरी पिट्युटरीचं काम बहुधा परत येत नाही. तहानेसाठी डेस्मोप्रेसिन, त्याबरोबर थायरॉइडची गोळी, हायड्रोकॉर्टिसोन, पुढे वयात येण्याची संप्रेरकं, हे सगळं जन्मभर. सरकारी योजना मुख्यतः भरती झालेल्या रुग्णासाठी आहे, ही रोजची औषधं खिशातून घ्यावी लागतात. बरी झालेली मुलं पुढे कशी जगतात, हे पाहायला टाटात डॉ. पूर्णा कुरकुरे यांनी १९९१ साली वेगळा बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. देशात मुलांचा कर्करोग बरा होतो यावर लोकांचा विश्वास बसायच्या आधीच त्यांनी बरं झाल्यानंतरच्या आयुष्याचा विचार केला होता. याच मुलांचा ‘उगम’ हा गट पुढे त्यातून उभा राहिला.

हायड्रोकॉर्टिसोन घेणाऱ्या मुलाला ताप आला की डोस वाढवावा लागतो. उलट्यांमुळे गोळी टिकत नसेल तर इंजेक्शन लागतं, नाहीतर रक्तदाब कोसळतो. ते इंजेक्शन स्वस्त आहे, दम्याच्या रुग्णांसाठी ते बहुतेक ठिकाणी ठेवलेलंही असतं. मुलाच्या दप्तरात इंजेक्शनचं नाव, डोस आणि टाटाचा फोन लिहिलेलं कार्ड असावं, आणि रात्री दोन वाजता ते दाखवल्यावर तालुक्याच्या डॉक्टरने आधी सुई टोचावी, मग फोन लावावा.